देशांचे विक्रम तपासायचे कुठे? जागतिक बँकेच्या ‘ओपन डेटा’ सेवेचं परीक्षण

कतारमध्ये वर्षाला दर हजार लोकांमागे साधारण एक मृत्यू होतो, जपानमध्ये बाराच्या वर. दोन्ही आकडे अधिकृत आहेत. ‘जगातला सर्वांत कमी मृत्युदर असलेल्या देशांत कतार’ असं सामान्यज्ञानाच्या पुस्तिकेत छापलं तर त्यात खोटं काही नाही. पण यावरून कतारमधला माणूस जपान्यापेक्षा जास्त जगतो असं कुणी ठरवलं, तर ते साफ चूक आहे. कतारच्या लोकसंख्येत दर शंभरात सत्तरहून जास्त पुरुष आहेत आणि त्यांतले बहुतेक कामासाठी बाहेरून आलेले, ऐन कमावत्या वयातले. म्हातारपणी ते भारतात, नेपाळात, बांगलादेशात परत जातात आणि त्यांच्या मृत्यूची नोंद तिकडे होते. जपानमध्ये मात्र जवळपास तीस टक्के लोक पासष्टीच्या पुढचे. शंभर म्हाताऱ्यांच्या गावात आणि शंभर तरुणांच्या वसतिगृहात वर्षाला किती मृत्यू होतात, याची तुलना केल्यासारखंच हे झालं.

देशोदेशींचे असे चकित करणारे विक्रम रोज मोबाइलवर येतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे, शाळेत प्रश्नमंजूषा घेणारे शिक्षक, पुरवणीत चौकट लिहिणारे पत्रकार यांना ते वापरायचे असतात, पण तपासायचे कुठे हे ठाऊक नसतं. त्यासाठी सगळ्यांत आधी उघडावी अशी सेवा म्हणजे जागतिक बँकेचं ‘ओपन डेटा’ संकेतस्थळ. पूर्वी यातली बरीचशी आकडेवारी वर्गणी भरून मिळायची. एप्रिल २०१० मध्ये बँकेने ती सगळ्यांसाठी खुली केली. आज पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. स्रोताचा उल्लेख केला की पुस्तकात, वर्गात, व्हिडिओत कुठेही वापरायची मुभा आहे. ‘जागतिक विकास निर्देशक’ हा यातला मुख्य संच. त्यात २१७ देश-प्रदेशांचे चौदाशेच्या आसपास निर्देशक (लोकसंख्या, जननदर, दरडोई उत्पन्न अशा मोजण्या) आहेत आणि बरेचसे १९६० पासूनचे.

सेवेचा खरा गुण आकड्यांच्या संख्येत नाही. प्रत्येक आकड्यामागचा अंश काय, छेद काय, व्याख्या कुणाची आणि मोजणी कोणत्या वर्षाची, हे ती त्याच पानावर दाखवते. दरडोई, दरहजारी, दर चौरस किलोमीटरला असे विक्रम बहुतेक वेळा अंशात घडत नाहीत, छेदात घडतात. ‘लक्झेंबर्ग पहिला’ एवढंच सांगणाऱ्या यादीचा म्हणूनच उपयोग नाही. कशाला कशाने भागलं ते सांगणारी जागा हवी.

लक्झेंबर्गचंच घेऊ. दरडोई जीडीपीच्या यादीत तो वर्षानुवर्षं अगदी वरच्या चार-पाचांत असतो. लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आसपास. पण रोज सकाळी फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून दोन लाखांहून जास्त लोक सीमा ओलांडून तिथे कामाला येतात आणि संध्याकाळी घरी जातात. देशातल्या कामगारांपैकी जवळपास निम्मे असे आहेत. त्यांनी निर्माण केलेलं उत्पादन अंशात येतं, ते स्वतः छेदात येत नाहीत, कारण लोकसंख्येत फक्त रहिवासी मोजतात. देश श्रीमंत आहेच, यात वाद नाही. पण यादीत दिसतो तेवढा नाही. याच सेवेत ‘दरडोई एकूण राष्ट्रीय उत्पन्न’ हा वेगळा निर्देशक आहे. त्यात बाहेर गेलेली मजुरी आणि नफा वजा होतो. दोन्ही शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. दरडोई श्रीमंतीचा कोणताही विक्रम छापण्याआधी या दोन रकान्यांची तुलना करावीच.

पान वापरायची रीत सोपी आहे. शोधाच्या चौकटीत निर्देशकाचं इंग्रजी नाव टाकायचं. मराठी किंवा हिंदी आवृत्ती नाही, ही आपल्या वाचकांसाठी मोठी अडचण आहे. आलेल्या पानावर आधी आलेख, खाली देशांची यादी. इथे घाई करून पहिला देश टिपून घेऊ नये. आधी ‘तपशील’ या अर्थाचं बटण दाबायचं. तिथे व्याख्या, मूळ स्रोत, मोजण्याची पद्धत आणि मर्यादा असं सगळं उघडतं. मूळ स्रोत महत्त्वाचा, कारण बँक स्वतः फार थोडं मोजते. लोकसंख्या मुख्यतः संयुक्त राष्ट्रांकडून, जंगल आणि जमीन अन्न व कृषी संघटनेकडून, मोबाइल आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडून येते. मग यादीतल्या प्रत्येक देशापुढचं वर्ष पाहायचं. ‘सर्वांत अलीकडचा उपलब्ध आकडा’ असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे प्रत्येक देशाचं वर्ष वेगळं असू शकतं. एरिट्रियाच्या जीडीपीचा आकडा २०११ ला थांबलेला, व्हेनेझुएलाचा २०१४ ला. ते आकडे इतर देशांच्या ताज्या आकड्यांशेजारी ठेवून क्रमवारी लावली, तर व्हेनेझुएला आजही सुस्थितीतला देश वाटेल. २०१४ नंतर त्या अर्थव्यवस्थेची झालेली पडझड त्यात दिसणारच नाही.

सगळा तक्ता उतरवून घ्यायचा असेल तर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) किंवा एक्सेल फाइल मिळते. नवख्यांचे सगळ्यांत जास्त घोटाळे इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

सीएसव्हीची झिप उघडली की तीन फाइली निघतात : एक आकड्यांची, एक देशांच्या माहितीची, एक निर्देशकाच्या माहितीची. आकड्यांच्या फाइलीत वरच्या चार ओळी स्रोत आणि अद्ययावत केल्याची तारीख यांसाठी गेलेल्या असतात. रकान्यांची नावं पाचव्या ओळीत. त्या चार ओळी न वगळता फाइल वाचायला दिली की रकाने चुकतात. दुसरं म्हणजे या तक्त्यात २१७ ओळी नसतात, २६० च्या वर असतात. ‘जग’, ‘अरब जगत’, ‘दक्षिण आशिया’, ‘अल्प व मध्यम उत्पन्नाचे देश’ असे गटही देशांच्या रांगेतच बसवलेले असतात. लोकसंख्येनुसार उतरता क्रम लावला तर भारत पहिला येत नाही, ‘जग’ पहिलं येतं आणि त्यामागे बरेच गट. ते हाताने काढत बसू नये. देशांच्या माहितीच्या फाइलीत ‘प्रदेश’ हा रकाना आहे. गटांपुढे तो रिकामा असतो. प्रत्येक देशाला दिलेल्या तीन अक्षरी संकेतावरून दोन्ही फाइली जोडायच्या आणि प्रदेश रिकामा असलेल्या ओळी गाळायच्या. दोन मिनिटांचं काम आहे.

जोडणी नेहमी तीन अक्षरी संकेतावरच करावी, नावावर नाही. बँक इजिप्तला ‘इजिप्त, अरब रिपब्लिक’ आणि दक्षिण कोरियाला ‘कोरिया, रिपब्लिक’ अशा थाटात लिहिते. दुसऱ्या स्रोतातल्या नावाशी ते जुळत नाही आणि देश गुपचूप गळतो. दक्षिण कोरिया गळला तर कमी जननदराचा विक्रमच हातचा गेला : २०२३ मध्ये तिथे एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, ०.७२ होता. दोन अक्षरी संकेतात आणखी एक खड्डा आहे. नामिबियाचा संकेत ‘एनए’. आकडेवारीसाठी वापरली जाणारी आर ही संगणकभाषा असो वा पायथन भाषेतलं पांडाज हे साधन, दोन्ही त्याचा अर्थ ‘माहिती उपलब्ध नाही’ असा घेतात आणि अख्खा देश पुसला जातो. मंगोलियाच्या पाठोपाठ जगातल्या सर्वांत विरळ वस्तीच्या देशांत नामिबिया मोडतो, म्हणजे घनतेच्या यादीत हा घोटाळा नेमका मोक्याच्या जागी होतो. फाइल वाचताना ‘हे अक्षर रिकामं समजू नकोस’ अशी सूचना आधीच द्यायची.

रिकामा चौकोन म्हणजे शून्य नव्हे, हेही लक्षात ठेवावं. एक्सेलमध्ये दोन रकान्यांचा भागाकार केला आणि वरचा रकाना रिकामा असला, तर उत्तर शून्य येतं. मग ‘सर्वांत कमी’ च्या यादीत उत्तर कोरियासारखे देश पहिल्या ओळीत येऊन बसतात, कारण त्यांचा आकडाच नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी एपीआय, म्हणजे प्रोग्रामने थेट आकडे मागवायची सोय, आहे आणि त्यालाही किल्ली (नोंदणी करून मिळणारा संकेत) लागत नाही. न सांगता तो एका पानावर फक्त ५० नोंदी देतो. सगळे देश आणि सगळी वर्षं मागितली तर त्या पन्नास नोंदी पहिल्याच गटाच्या निरनिराळ्या वर्षांच्या असतात आणि नवशिक्याला वाटतं सेवाच बिघडली. पानावरच्या नोंदींची मर्यादा वाढवून वीस हजार केली की बहुतेक निर्देशक एका फेरीत येतात. प्रत्येक देशाचा शेवटचा भरलेला आकडा हवा असेल तर ‘एमआरएनईव्ही’ हा पर्याय १ ठेवायचा. तो रिकामी वर्षं ओलांडून मागे जातो. म्हणून उत्तरातलं वर्षही जतन करायचंच.

आता पुन्हा छेदाकडे. बँकेची लोकसंख्येची घनता क्षेत्रफळावर नाही, ‘भूभागा’वर काढलेली असते : नद्या, तलाव आणि असं पाणी वगळून. ग्रीनलँडची घनता चौरस किलोमीटरला ०.१४ दिसते, ती सुमारे चार लाख दहा हजार चौरस किलोमीटर बर्फमुक्त जमिनीवर. बर्फाखालची जमीन धरून एकवीस लाखांहून जास्त क्षेत्रफळ घेतलं तर उत्तर ०.०३ च्याही खाली जातं. दोन संकेतस्थळांवर दोन आकडे दिसले म्हणून एक खोटं ठरत नाही. ग्रीनलँडच्या बाबतीत निकाल बदलत नाही, दोन्हींत तो शेवटचाच. पण तो डेन्मार्कच्या राज्यातला स्वायत्त प्रदेश आहे, सार्वभौम देश नाही. ‘सर्वांत विरळ देश’ असा प्रश्न असेल तर उत्तर मंगोलिया. दुसऱ्या टोकालाही तोच गोंधळ : मकाव धरलं तर मकाव, फक्त सार्वभौम देश धरले तर मोनॅको. जननदरातही असंच होतं. हाँगकाँग आणि मकाव यादीत घेतले तर दक्षिण कोरियाचा ‘जगात सर्वांत कमी’ हा किताब धोक्यात येतो. बँकेच्या यादीत सार्वभौम देश आणि प्रदेश एकत्र आहेत आणि दोघांना वेगळं करणारी खूण तिथे नाही. ही या सेवेची खरीखुरी उणीव. ती खूण वापरणाऱ्याने स्वतः, संयुक्त राष्ट्रांची सदस्ययादी शेजारी ठेवून, लावून घ्यावी लागते.

भारताच्या जंगलाचा आकडा या सेवेत पाहिला की अनेकांना धक्का बसतो. आपल्या वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात वनाच्छादन २१.७६ टक्के आहे. बँकेच्या पानावर सुमारे २४. इथे कुणी कुणाला फसवत नाही. आपला अहवाल ७,१५,३४३ चौरस किलोमीटर वनाच्छादनाला देशाच्या ३२.८७ लाख चौरस किलोमीटर भौगोलिक क्षेत्राने भागतो. आंतरराष्ट्रीय आकड्यात छेद २९.७३ लाख चौरस किलोमीटर भूभागाचा. आपलाच अंश त्या छेदाने भागून पाहा, उत्तर २४ च्या घरात येतं. त्यात व्याख्याही वेगळी. अन्न व कृषी संघटनेच्या लेखी जंगल म्हणजे अर्ध्या हेक्टरहून मोठी जमीन, पाच मीटरहून उंच होणारी झाडं, दहा टक्क्यांहून जास्त जमिनीवर झाडांच्या फांद्या-पानांचं छत्र, आणि ती जमीन शेतीच्या किंवा वस्तीच्या वापरात नसावी. आपल्या सर्वेक्षणाच्या लेखी एक हेक्टर आणि दहा टक्के छत्र पुरे. जमीन कुणाची आणि वापर कशाचा हे पाहिलं जात नाही. त्यामुळे कोकणातली आंब्याची दाट बाग आपल्या वनाच्छादनात बसते आणि आंतरराष्ट्रीय व्याख्येत बसत नाही. सुरिनाम आपल्या जमिनीवर नव्वद टक्क्यांहून जास्त जंगल राखून पहिला आहे, हा विक्रम मात्र कोणत्याही व्याख्येने ढळत नाही. असा विक्रम निर्धास्त छापावा.

आइसलँडची दरडोई वीज हाही पक्का विक्रम आहे, पण त्याचा अर्थ नीट सांगायला हवा. तिथे माणशी वर्षाला पन्नास हजारांहून जास्त युनिट वीज लागते. भारतात सुमारे चौदाशे. म्हणून आइसलँडच्या घरात पस्तीसपट उपकरणं आहेत असं नाही. नद्या आणि भूगर्भातली उष्णता यांतून स्वस्त वीज मिळते, म्हणून ॲल्युमिनियमचे कारखाने तिथे आले आणि देशातली बहुतांश वीज तेच ओढतात. भागलं मात्र जातं चार लाखांच्या आतल्या लोकसंख्येने.

मोबाइलच्या बाबतीत शब्दच फसवतो. ‘दर शंभर लोकांमागे २०० हून जास्त मोबाइल’ असा आकडा संयुक्त अरब अमिरातीपुढे किंवा हाँगकाँगपुढे दिसतो. मोजलेल्या असतात त्या जोडण्या, म्हणजे चालू सिमकार्डं. एकाच माणसाची दोन कार्डं, ये-जा करणाऱ्यांची प्रीपेड कार्डं, सगळी त्यात. किती लोकांकडे फोन आहे हे हवं असेल तर सर्वेक्षणावर आधारलेला वेगळा निर्देशक शोधावा.

अगदी छोट्या देशांचे दरडोई विक्रम वाचताना एक साधा हिशेब करून पाहावा. सेंट लुसियाची लोकसंख्या सुमारे एक लाख ऐंशी हजार आणि नोबेल विजेते दोन : अर्थशास्त्रात आर्थर लुईस, १९७९, साहित्यात डेरेक वॉलकॉट, १९९२. (दोघांचा जन्मदिवसही एकच, २३ जानेवारी.) हाच दर भारताला लावला तर आपल्याकडे सोळा हजार नोबेल विजेते हवेत, आजवरचे जगातले सगळे विजेते मिळून हजाराच्या आसपास आहेत. सान मारिनोने टोकियो ऑलिंपिकमध्ये चौतीस हजार लोकसंख्येवर तीन पदकं मिळवली. पराक्रम मोठाच, पण त्यांतलं एक पदक हुकलं असतं तर दर एका फटक्यात एक तृतीयांशाने खाली आला असता. म्हणून दरडोई क्रमवारी लावताना दहा लाखांच्या वरच्या देशांची यादी वेगळी काढावी आणि दोन्ही विक्रम वेगवेगळे सांगावेत. बँकेच्या डेटाबँक या साधनात लोकसंख्या हा दुसरा निर्देशक शेजारी घेऊन हे जमतं : आधी संच निवडायचा, मग देश, मग निर्देशक, मग वर्षं, आणि मांडणीत वर्षं रकान्यांत न ठेवता निर्देशक रकान्यांत ठेवायचे. ही शेवटची पायरी विसरली तर तक्ता आडवातिडवा येतो आणि गाळणी लावता येत नाही.

एकूण रक्कम आणि वाटा यांचीही अदलाबदल होते. परदेशातून घरी येणाऱ्या पैशांत भारत कित्येक वर्षं जगात पहिला आहे. अलीकडे ही रक्कम वर्षाला १२० अब्ज डॉलरच्या वर गेली. तरी ती आपल्या जीडीपीच्या तीन-साडेतीन टक्केच. ताजिकिस्तानमध्ये हाच वाटा चाळीस टक्क्यांच्या वर गेलेला आहे. ‘मनीऑर्डरवर चालणारा देश’ कोणता, याचं उत्तर प्रश्न कसा विचारला यावर ठरतं. बँकेच्या संचात दोन्ही निर्देशक आहेत आणि नावं इतकी सारखी आहेत की चुकीचा उचलला जातो. नावाच्या शेवटी ‘चालू डॉलर’ आहे की ‘जीडीपीचा टक्का’, हे वाचावं.

जुना आकडा बदलला तर संकेतस्थळ तो मागच्या वर्षांपासून बदलतं. हे योग्यच आहे, पण वापरणाऱ्याला माहीत नसेल तर गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका अचानक चुकीची वाटू लागते. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियाने जीडीपीचं आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती आणि उद्योग धरून हिशेब होतो ते वर्ष, १९९० वरून २०१० वर आणलं. मोबाइल कंपन्या, चित्रपट उद्योग असे मधल्या काळात वाढलेले व्यवसाय हिशेबात आले, जीडीपी जवळपास ८९ टक्क्यांनी मोठा झाला आणि दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून नायजेरिया आफ्रिकेतली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था ठरला. त्या दिवशी देशात एकही नवा कारखाना सुरू झालेला नव्हता. आयर्लंडमध्ये उलटा प्रकार घडला. २०१५ ची वाढ पहिल्या अंदाजात २६ टक्क्यांच्या वर आली, कारण काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले पेटंट आणि तत्सम हक्क तिथे हलवले. आकडा नियमात बसणारा होता, पण आयरिश माणसाच्या खिशाशी त्याचा संबंध नव्हता. तिथल्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने मग ‘सुधारित राष्ट्रीय उत्पन्न’ अशी वेगळी मोजणी सुरू केली. अलीकडच्या वर्षांत ती जीडीपीच्या निम्म्याहून थोडीच जास्त भरते. ती जागतिक बँकेच्या पानावर मिळणार नाही, आयर्लंडच्या कार्यालयाकडेच पाहावी लागते. जननदराचंही तसंच : संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या आवृत्तीत नायजर सर्वांत वर होता, २०२४ च्या आवृत्तीत सोमालिया आणि चाड त्याच्या पुढे गेले. अशा वेळी फाइलीवरची अद्ययावत केल्याची तारीख टिपून ठेवली असेल तर वाद दोन मिनिटांत मिटतो. वरच्या चार ओळी फेकून देण्याआधी त्यांतली तारीख शीटच्या नावात लिहावी.

भारताच्या लोकसंख्येचा विक्रम याच जातीचा आहे. एप्रिल २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकलं, हा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे, मोजदाद नाही. आपली शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची. निकालाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही, पण शेवटच्या आकड्यापर्यंत अचूक संख्या छापणं चूक आहे.

काय मिळत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. व्हॅटिकन या संचात नाही. त्यामुळे ‘दरडोई सर्वांत जास्त वाइन’, ‘दरडोई सर्वांत जास्त गुन्हे’ हे त्याच्या नावावरचे प्रसिद्ध विक्रम इथे तपासता येत नाहीत. त्यांचं कारण मात्र छेदातच आहे : हजाराच्या आत रहिवासी, तेही जवळपास सगळे प्रौढ, आणि वर्षाला लाखो पर्यटक. पाकीटमारीची तक्रार पर्यटकाची, भागायचं रहिवाशांनी. तैवानचा वेगळा रकानाही नाही. चिप उद्योगावर काही लिहिणाऱ्याला हे फार खटकतं. भूगोलाचे विक्रम तर जवळजवळ नाहीतच. सर्वांत जास्त बेटांचा देश कोणता, हे इथे सापडणार नाही. स्वीडनच्या सांख्यिकी कार्यालयाने २,६७,५७० बेटं मोजली, पण नकाशावर दिसणारं जमिनीचं अगदी लहान तुकडंही त्यात धरून. जपानच्या नकाशा विभागाने २०२३ मध्ये शंभर मीटरहून जास्त परिघाची बेटं संगणकावर मोजली, तर जुना ६,८५२ चा आकडा १४,१२५ झाला. बेटं उगवली नाहीत, नकाशा बारीक झाला.

याचं घरचं उदाहरण आपल्यापुढेच आहे. शाळेत पाठ केलेली भारताची ७,५१६.६ किलोमीटरची किनारपट्टी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात ११,०९८.८१ किलोमीटर झाली. महाराष्ट्राची ६५२.६ वरून ८७७.९७, गोव्याची १०१ वरून १९३.९५. जुनी मोजणी एकास पंचेचाळीस लाख प्रमाणाच्या नकाशावरची होती. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे साडेचार किलोमीटर. बाणकोट, दाभोळ, जयगडच्या खाड्यांची मुखं त्यात टिंबाएवढी. नवी मोजणी एकास अडीच लाखावरची, एक मिलिमीटर म्हणजे पाव किलोमीटर, त्यामुळे खाडीचं प्रत्येक वळण फुटपट्टीखाली आलं. पट्टी जितकी लहान तितका किनारा लांब. म्हणून दोन देशांचे किनारे एकाच प्रमाणावर मोजलेले नसतील तर त्यांची क्रमवारी लावण्यात अर्थ नाही. कॅनडा पहिला, एवढं मात्र कोणत्याही पट्टीने निश्चित.

‘आवर वर्ल्ड इन डेटा’ ही ऑक्सफर्डमध्ये मॅक्स रोझर यांनी सुरू केलेली सेवा जोडीला ठेवावी. दिसायला ती बँकेपेक्षा कितीतरी सुबक. आलेखाखालची पट्टी ओढून वर्ष बदलता येतं, नकाशा आणि तक्ता एका टिचकीवर, आणि आलेखाच्या पत्त्यापुढे टिंब देऊन सीएसव्ही लिहिलं की थेट आकडे उतरतात. अनेक आलेखांत तैवान वेगळा मिळतो. वर्गात दाखवायला हीच चांगली. एक सावधगिरी मात्र हवी : एखाद्या वर्षाचा आकडा नसेल तर काही नकाशे जवळच्या वर्षाचा आकडा रंगवतात. देशावर बोट ठेवलं की खरं वर्ष लिहून येतं. नुसत्या चित्राच्या प्रतीत ते दिसत नाही. स्वीडनच्या रोझलिंग कुटुंबाने उभं केलेलं गॅपमाइंडर गती दाखवायला उत्तम, पण त्यातल्या जुन्या वर्षांत बरेच आकडे अंदाजाने भरलेले असल्यामुळे विक्रम तपासायला ते वापरू नये.

बँकेचे सगळे आकडे एकाच दर्जाचे नाहीत. मोजलेला आकडा आणि गुण देऊन बनवलेला निर्देशांक वेगळे. ‘डूइंग बिझनेस’ या, व्यवसाय करणं कुठे किती सोपं हे सांगणाऱ्या तिच्या क्रमवारीत भारत काही वर्षांत १४२ वरून ६३ वर चढला आणि त्याच्या भरपूर बातम्या झाल्या. २०१८ आणि २०२० च्या आवृत्त्यांतल्या काही देशांच्या आकड्यांत गैरप्रकार आढळल्यावर बँकेने सप्टेंबर २०२१ मध्ये तो अहवालच बंद केला. अनेक सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांत ती क्रमवारी अजून छापली जाते. ती काढून टाकावी.

विक्रम शोधायला नव्हे, हाती आलेला विक्रम तपासायला ही सेवा घ्यावी, असं आमचं मत आहे. तपशिलाचं पान, उतरवून घेता येणारी पूर्ण फाइल आणि साठ वर्षांची सलग मालिका या तिन्हींसाठी तिला आमचा निःशंक पाठिंबा. भाषेची अडचण आणि सार्वभौम-प्रदेश यांची सरमिसळ यांसाठी गुण कापावे लागतात. मोबाइलवर नुसतं चाळायला ठीक; फाइलीचं काम संगणकावरच करावं.

‘महाराष्ट्र देश असता तर कितवा?’ हा प्रश्न मात्र इथे सुटत नाही, कारण मुख्य संचात राज्यं नाहीत. त्यासाठी राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ घ्यावी. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर विधिमंडळात मांडली जाते, मराठीत मिळते आणि संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते. फक्त तिच्यातलं राज्य उत्पन्न रुपयांत आणि एप्रिल ते मार्च अशा वर्षाचं असतं. देशाशी तुलना करताना त्याच काळाचा सरासरी विनिमय दर लावावा, आजचा नाही.